सलमान तासीर प्रकरण : खुनानंतरचे दोन महिने आणि त्यानंतरची शांतता

४ जानेवारी २०११ ला दुपारी इस्लामाबादच्या कोहसार मार्केटमधे पाकिस्तानी पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर जेवण करून गाडीकडे निघाले होते आणि त्यांच्याच संरक्षणाला दिलेल्या एलिट फोर्सच्या एका पोलिसाने त्यांच्यावर एके-४७ रिकामी केली. वीसच्या वर गोळ्या. बाकीचे गार्ड बघत राहिले, एकानेही उलटी गोळी झाडली नाही, आणि मुमताज कादरीने बंदूक खाली ठेवून आरामात अटक करून घेतली. फोटोत तो चक्क हसतोय.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. तासीर हे आपल्याकडच्या पत्रकार तवलीन सिंग यांच्या मुलाचे, म्हणजे लेखक आतिश तासीरचे वडील, त्यामुळे भारतात तेव्हा बातमी बरीच चालली पण होती. पण मला या केसमधे खुनापेक्षा खुनानंतरचे दोन महिने जास्त महत्त्वाचे वाटतात, ४ जानेवारी ते २ मार्च. त्या दोन महिन्यांत एक आख्खा सार्वजनिक वाद कसा बंद पडला हे अगदी स्टेप बाय स्टेप दिसतं, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) तो बंद करायचा सरकारी आदेश कुणीच काढला नाही.

वाद होता पाकिस्तानच्या ईशनिंदा कायद्यावर. आधी तो नेमका काय होता ते नीट बघू, कारण नंतर तेच हरवलं.

पाकिस्तानच्या दंडविधानातलं २९५-अ कलम, म्हणजे धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याला शिक्षा देणारं, आपल्याला परकं नाही. १९२७ मधे इंग्रजांनी ते आणलं तेव्हा देश एकच होता, आणि निमित्त लाहोरमधेच घडलं होतं, प्रेषितांची बदनामी करणारी एक पुस्तिका छापणारे प्रकाशक राजपाल कोर्टातून सुटले म्हणून. कलम आलं तरी १९२९ मधे राजपाल यांचा खून झालाच. खून करणाऱ्या इल्मुद्दीनला त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला फाशी झाली आणि तो लाहोरमधे कायमचा 'गाझी', म्हणजे धर्मवीर, झाला. त्याच्या अंत्ययात्रेसाठी तासीर यांच्या वडिलांनीच, म्हणजे कवी आणि प्राध्यापक एम. डी. तासीर यांनी, खाट दिली होती असं सांगतात. इतिहास असले क्रूर विनोद करतो कधी कधी.

पुढे झिया उल हक यांच्या काळात १९८२ ला कुराणाच्या विटंबनेचं २९५-ब आलं, १९८६ ला २९५-क. या शेवटच्यात प्रेषितांच्या अवमानाला फाशी किंवा जन्मठेप. मग १९९० मधे शरियत कोर्टाने सांगितलं की जन्मठेपेचा पर्याय चालणार नाही, शिक्षा फाशीच. कलमात हेतूचा शब्द नाही, म्हणजे चुकून बोललं काय आणि मुद्दाम बोललं काय, सारखंच. राज्याने या कलमाखाली प्रत्यक्षात आजवर एकालाही फासावर दिलेलं नाही हे खरं, पण लोक वर्षानुवर्षं जेलमधे सडतात आणि जमाव किंवा एखादा माणूस परस्पर निकाल लावून टाकतो, ती गोष्ट वेगळी.

आणि या सगळ्यावर तेव्हा पाकिस्तानात बोललं जात होतं! हे विसरून चालणार नाही. मुशर्रफ यांनी २००० मधे जाहीर केलं की तक्रार आधी जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने तपासायची, मगच केस. मौलवींनी आवाज चढवल्यावर महिन्याभरातच माघार घेतली, पण पुढे २००४ च्या दुरुस्तीत २९५-क चा तपास पोलीस अधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही एवढं तरी झालंच. म्हणजे कायदा ठेवा पण पुरावा, तपास, खोट्या तक्रारी यावर बोलू, अशी एक मधली जागा होती. लहान होती, डळमळीत होती, पण होती.

आसिया बीबीची केस या जागेत येऊन पडली. जून २००९, इट्टांवाली गाव, शेतात फालसा तोडणाऱ्या बायकांचं पाण्यावरून भांडण. आसिया ख्रिश्चन, तिने आणलेलं पाणी आम्ही पिणार नाही असं दोघी म्हणाल्या, शब्दाने शब्द वाढला, आणि पाच दिवसांनी पोलिसांत तक्रार गेली की ती प्रेषितांबद्दल वाईट बोलली. नोव्हेंबर २०१० मधे ट्रायल कोर्टाने तिला फाशी सुनावली. तासीर बायको-मुलीला घेऊन शेखूपुरा जेलमधे गेले, आसियाला शेजारी बसवून पत्रकारांशी बोलले, तिचा दयेचा अर्ज राष्ट्राध्यक्ष झरदारींकडे नेतो म्हणाले. आणि या कायद्याला 'काळा कायदा' म्हणाले. प्रेषितांबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नव्हता, कायदा माणसांनी केलाय, देवाने नाही, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. तिकडे त्यांच्याच पीपल्स पार्टीच्या खासदार शेरी रहमान यांनी नॅशनल असेंब्लीत बिल दिलं, फाशी काढून कैद ठेवा, हेतू सिद्ध करायची अट घाला, खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा द्या.

यावर लाहोर हायकोर्टाने राष्ट्राध्यक्षांना माफी द्यायला मनाई केली, पेशावरच्या एका मौलवीने आसियाला मारणाऱ्याला ५ लाख रुपये जाहीर केले, ३१ डिसेंबरला देशभर बंद झाला. त्याच दिवशी तासीर यांनी ट्वीट केलं की माघार घ्यायला माझ्यावर प्रचंड दबाव होता, मी नाही म्हणालो, शेवटचा एकटा उभा राहिलो तरी चालेल. त्याच सुमारास कादरी रावळपिंडीत एका मौलवीचं भाषण ऐकत होता. त्याने नंतर जबाबात तसं सांगितलं.

आता ते दोन महिने.

खुनाच्या दुसऱ्याच दिवशी बरेलवी पंथाच्या एका मोठ्या संघटनेने पाचशे उलेमांच्या नावाने पत्रक काढलं, तासीर यांच्या जनाज्याची नमाज कुणी पढवू नका, कुणी दुःख पण व्यक्त करू नका. हे बरेलवी म्हणजे दर्गे, कव्वाली, सूफी परंपरा मानणारे लोक, ज्यांना तोपर्यंत सगळे जण तालिबानवरचा सौम्य उतारा समजत होते, आत्मघाती हल्ल्यांना हराम म्हणणारेही त्यांच्यातच होते. त्यामुळे या पत्रकाने भल्याभल्यांचं गणित चुकलं. लाहोरच्या बादशाही मशिदीच्या इमामांनी नमाज पढवायला नकार दिला, शेवटी पार्टीच्याच उलेमा विंगमधला एक माणूस उभा राहिला तेव्हा दफन झालं. पंतप्रधान गिलानी अंत्यविधीला आले. राष्ट्राध्यक्ष, जे तासीर यांचे मित्र होते, ते आले नाहीत.

कादरीला कोर्टात आणलं तेव्हा वकिलांनी त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. मला या आख्ख्या प्रकरणात हे दृश्य सगळ्यात जास्त खटकतं, खुनाहून जास्त, कारण खून एका माणसाने केला पण पाकळ्या उधळणारे काळे कोटवाले होते आणि त्याच वकिलांनी तीन-चार वर्षांपूर्वीच मुशर्रफ यांच्या विरोधात रस्त्यावर उतरून चीफ जस्टिसना परत आणलं होतं, तेव्हा जगभर त्यांचं कौतुक झालं होतं की बघा कायद्याचं राज्य मागणारी पिढी आली. पुढे अपिलात तर कादरीची वकिली करायला लाहोर हायकोर्टाचे एक माजी मुख्य न्यायाधीश ख्वाजा शरीफ उभे राहिले. कुणाचीही बाजू मांडणं हा वकिलाचा धर्म आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पाकळ्या मात्र वकिलीत येत नाहीत.

गृहमंत्री रहमान मलिक यांनी काय करावं? खुनाचा निषेध केलाच, पण सोबत हे पण म्हणाले की माझ्यासमोर कुणी ईशनिंदा केली तर मी स्वतः त्याला गोळी घालीन. देशाचा गृहमंत्री, आपल्याच पार्टीचा गव्हर्नर नुकताच असाच मारला गेलाय, आणि हे वाक्य. भीतीपोटी माणूस बोलतो ते समजतं, पण त्या एका वाक्याने मारेकऱ्याचं म्हणणं सरकारच्या तोंडून मान्य झालं, राहिला प्रश्न फक्त तासीर त्यात बसतात की नाही एवढाच.

९ जानेवारीला कराचीत हजारोंचा मोर्चा निघाला, कादरीच्या बाजूने. सरकारने सांगून टाकलं की कायद्यात बदल करायचा आमचा विचारच नाही. फेब्रुवारीत शेरी रहमान यांचं बिल गेलं, पार्टीच्या धोरणापुढे मी काय करणार असं त्यांना म्हणावं लागलं, आणि त्याआधी कित्येक आठवडे त्या कराचीतल्या घरातच अडकून होत्या. दोन वर्षांनी त्या अमेरिकेत राजदूत असताना मुलतानमधे त्यांच्यावरच ईशनिंदेची तक्रार नोंदवायचा आदेश झाला, एका टीव्ही कार्यक्रमात कायद्यावर बोलल्या म्हणून.

२ मार्चला केंद्रीय मंत्री शहबाज भट्टी आईच्या घरून निघाले आणि गाडीतच मारले गेले. मंत्रिमंडळातले एकमेव ख्रिश्चन. आसियाच्या केसवर राष्ट्राध्यक्षांना अहवाल त्यांनीच दिला होता. घटनास्थळी तालिबानची पत्रकं सापडली.

इथे थांबून एका गोष्टीवर बोलायचंय, कारण अशा प्रत्येक खुनानंतर ती ऐकू येते, देश कुठलाही असो. 'खून वाईटच, पण त्यांनी जरा जपून बोलायला हवं होतं.' तासीर यांच्याबद्दल हे फार बोललं गेलं. श्रीमंत, इंग्रजी पेपरचा मालक, फटकळ, ट्विटरवर टोमणे मारणारा, मावशी फैज अहमद फैजची बायको, एकूण बड्या घरचा लिबरल माणूस. जेलमधे कॅमेरे नेले, 'काळा कायदा' म्हणाले, कशाला लोकांना डिवचायचं वगैरे वगैरे. आणि मी मान्य करतो की नुसतं डावपेच म्हणून बघितलं तर त्यांची भाषा एखाद्या मुरलेल्या राजकारण्याची नव्हती. पण मग भट्टी? भट्टी अत्यंत सांभाळून बोलणारे, कायद्याचा गैरवापर थांबवा एवढंच म्हणणारे, कमिट्या आणि अहवालांतून काम करणारे. ते पण गेले. मुलतानचे वकील राशिद रहमान तर यातलं काहीच करत नव्हते, जुनैद हफीज नावाच्या लेक्चररवर ईशनिंदेची केस होती, वकील मिळत नव्हता, म्हणून यांनी ती घेतली. कोर्टात न्यायाधीशांसमोर त्यांना धमकी मिळाली की पुढच्या तारखेला तुम्ही नसाल, आणि मे २०१४ मधे ऑफिसात घुसून त्यांना मारलं. तेव्हा 'जपून बोला' हा सल्ला देणाऱ्याने सांगावं की नेमकं किती जपून. ती रेषा मारणारा आखतो आणि दर वेळी थोडी पुढे सरकवतो, आपण आपले मागच्या रेषेच्या हिशोबाने शहाणपण शिकवत बसतो.

या दोन महिन्यांत नेमकं बदललं काय? कायद्याचं एक अक्षर बदललं नाही. कुठलं सेन्सॉर बसलं नाही. बदलला तो प्रश्न. डिसेंबरमधे प्रश्न होता, पुरावा नसताना एका बाईला फाशी द्यायची का. मार्चमधे प्रश्न झाला, तुम्ही प्रेषितांच्या बाजूचे की विरोधातले. पहिल्या प्रश्नावर एखादा कट्टर धार्मिक माणूस पण तासीर यांच्या बाजूने बोलू शकत होता, खोटी साक्ष तर इस्लाममधे पण पापच आहे, आणि तसं म्हणणारे काही विद्वान होते सुद्धा, जावेद अहमद गामिदी हे त्यातले मोठे नाव, त्यांनाही देश सोडून जावं लागलं. दुसऱ्या प्रश्नावर बोलायला तोंडच उरत नाही, आधी आपल्या श्रद्धेचं सर्टिफिकेट दाखवायचं आणि ते दाखवेपर्यंत कार्यक्रमाची वेळ संपते. इंग्रजी पेपरांत लेख येत राहिले, लाहोरच्या लिबर्टी चौकात दर ४ जानेवारीला थोडे लोक मेणबत्त्या घेऊन जमत राहिले, २०१५ ला तर त्यांच्यावर पण हल्ला झाला. म्हणजे बोलणं संपलं असं नाही, पण कायदा बदलू शकणारी माणसं त्यातून उठून गेली.

मधे घरच्यांचं काय झालं ते पण सांगतो, थोडक्यात. ऑगस्ट २०११ मधे तासीर यांचा मुलगा शहबाज लाहोरमधून भरदिवसा पळवला गेला आणि साडेचार वर्षांनी, मार्च २०१६ मधे, बलुचिस्तानात कुचलाकला जिवंत सापडला.

खटल्याची बाजू मात्र वेगळी गेली आणि इथे पाकिस्तानच्या न्यायाधीशांना मानलं पाहिजे. ऑक्टोबर २०११ मधे न्यायाधीश परवेझ अली शाह यांनी कादरीला फाशी सुनावली, वकिलांनी त्यांच्या कोर्टात तोडफोड केली, त्यांना कुटुंबासकट देश सोडावा लागला. इस्लामाबाद हायकोर्टाने २०१५ च्या मार्चमधे खुनाची शिक्षा ठेवली पण दहशतवादाचं कलम काढलं. मग ७ ऑक्टोबर २०१५ ला सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती आसिफ सईद खोसा यांनी ते कलम परत लावलं आणि जे कुणी पुढारी साडेचार वर्षं बोलायला तयार नव्हता ते निकालात लिहून टाकलं, की ईशनिंदेच्या कायद्यावर टीका करणं म्हणजे ईशनिंदा नव्हे. तासीर यांनी निंदा केली याला पुरावा काय, तर वर्तमानपत्राची सिद्ध न झालेली कात्रणं. वाद संसदेत मेला होता तो कोर्टात जिवंत राहिला, हे चांगलं की वाईट मला ठरवता येत नाही, कारण न्यायाधीशाला मतं मागायला जायचं नसतं म्हणून तो बोलू शकतो, पण त्याच कारणाने लोकांचं मत बदलायचं काम त्याच्याकडून होत नाही.

२९ फेब्रुवारी २०१६ ला पहाटे अडियाला जेलमधे कादरीला फासावर दिलं. सरकारला भीती होती, म्हणून गुपचूप, आणि टीव्हीवर बातमी जवळजवळ दाबून टाकली. दुसऱ्या दिवशी रावळपिंडीच्या लियाकत बागेत प्रचंड गर्दीने जनाजा निघाला, चॅनेलवर त्याचं फारसं काही नाही. मला विचाराल तर हे दोन्ही चुकलं. फाशीने त्याला शहीद केलं, इल्मुद्दीनचं झालं होतं तसंच, इस्लामाबादजवळ बारा कहूला आता त्याची मजार आहे, आणि त्याच्या नावाची मशीद तर तो जिवंत असतानाच उभी राहिली होती. आणि टीव्ही बंद ठेवल्याने त्याच्या चाहत्यांना एक नवीनच तक्रार मिळाली, की बघा आमचा आवाज दाबतात. ज्यांनी दुसऱ्याचं तोंड गोळीने बंद झाल्याचा आनंद साजरा केला तेच आता अभिव्यक्तीचे बळी म्हणून फिरायला मोकळे!

त्या गर्दीतून निघाला खादिम हुसेन रिझवी. पंजाब सरकारच्या औकाफ (धार्मिक मालमत्ता सांभाळणाऱ्या) खात्याच्या मशिदीतला मौलवी, कादरीची बाजू घेतल्याने नोकरी गेलेला, व्हीलचेअरवर बसून अस्सल पंजाबी शिव्यांसकट भाषण करणारा. कादरीच्या सुटकेच्या चळवळीतून तहरीक-ए-लब्बैक ही संघटना, पुढे पक्ष, उभी राहिली. नोव्हेंबर २०१७ मधे निवडणुकीच्या उमेदवारांच्या शपथेत प्रेषितांबद्दलच्या वाक्यातल्या शब्दबदलावरून त्यांनी इस्लामाबादच्या वेशीवरचा फैजाबादचा रस्ता तीन आठवडे अडवला, कायदामंत्र्याला राजीनामा द्यावा लागला, आणि परत जाणाऱ्या आंदोलकांना एक वरिष्ठ अधिकारी पैशांची पाकिटं वाटतोय असा व्हिडिओ पण सगळीकडे फिरला. २०१८ च्या मे मधे गृहमंत्री अहसन इक्बाल यांना गोळी लागली, थोडक्यात वाचले, आणि जुलैच्या निवडणुकीत याच पक्षाला देशभरात २२ लाखांच्या आसपास मतं पडली. २०११ मधे ज्यांच्याशी वाद नको म्हणून बाकीचे पक्ष गप्प बसले ते सात वर्षांत स्वतःच मतपेटीत हजर. गप्प बसून शांतता विकत घेतली म्हणावं तर ती पण मिळाली नाही.

आसिया बीबी ३१ ऑक्टोबर २०१८ ला सुटली. पुन्हा खोसा खंडपीठात होते. साक्षीदार एकमेकांशी जुळत नाहीत, तक्रार पाच दिवस उशिरा, म्हणजे तासीर आठ वर्षांपूर्वी जे म्हणत होते साधारण तेच. लब्बैकच्या एका नेत्याने तिन्ही न्यायाधीशांना मारलं पाहिजे असं जाहीर सांगितलं, इम्रान खान यांनी त्या रात्री टीव्हीवर कडक भाषण केलं, लोकांना वाटलं आता बदललं काहीतरी, आणि दोनच दिवसांनी त्यांच्याच सरकारने लब्बैकशी लेखी करार केला की निकालाच्या फेरविचाराला आमचा विरोध नाही. तो अर्ज जानेवारी २०१९ मधे फेटाळला गेला आणि मे मधे आसिया कॅनडाला पोचली. तिचे वकील सैफुल मलूक निकालानंतर लगेच नेदरलँड्सला निघून गेले होते. कादरीच्या खटल्यात सरकारी वकील पण तेच होते, म्हणजे जे काम बाकीचे शेकडो वकील टाळत होते ते दोन्ही वेळा याच माणसाने केलं. राशिद रहमान ज्याच्यासाठी मेले त्या जुनैद हफीजला डिसेंबर २०१९ मधे फाशीची शिक्षा झाली.

आणि संसद? तिथे या विषयावर पुढची हालचाल झाली ती जानेवारी २०२३ मधे. प्रेषितांचे नातेवाईक आणि सहकारी यांच्या अवमानाचं जे कलम आहे, २९८-अ, त्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत होती, ती कमीत कमी दहा वर्षं करणारं बिल नॅशनल असेंब्लीने मंजूर केलं.